पळीभर तीर्थ

एजन्सीत लागले त्या दिवशी तिथल्या मॅडमनी माझ्या हातात एक कागद ठेवला. हिंदीत छापलेला, मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘करना है’, उजवीकडे ‘नहीं करना है’. डावीकडे आंघोळ घालणं, डायपर बदलणं, कूस वळवणं, तोंड साफ करणं, नळीतून ठरलेलं फीड देणं, व्हीलचेअर ढकलणं. उजवीकडे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, औषध कमीजास्त करणं, पेशंटला तोंडाने काय द्यायचं ते ठरवणं. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात, घरच्यांना सल्ला देणं. मी वाचलं आणि मला हसू आलं. मॅडमना ते बिलकुल आवडलं नाही.

हसू नको तर काय करू? मी ए.एन.एम. आहे. दोन वर्षं शिकून, परीक्षा देऊन झालेली नर्स. सातारा जिल्ह्यात डोंगरातल्या एका उपकेंद्रावर सहा वर्षं काढली. तीन गावं, दोन वाड्या आणि त्या सगळ्यांना मिळून मी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे सहा दिवस बाळंतपण असो नाहीतर विंचू चावलेला असो, लोक माझ्याच दारात. म्हाताऱ्या मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि मी ‘अहो, नर्स आहे मी, नर्स’ असं सांगून सांगून थकायचे. मग नवऱ्याची बदली दिल्लीला झाली, कँटमध्ये फॅमिली क्वार्टर मिळालं, आणि मी कंत्राटी नोकरी सोडून भांडीकुंडी बांधून इकडे आले. फौजीची बायको आहे म्हटल्यावर दुसरं काय करणार?

इथे आल्यावर कळलं की दिल्लीत मी नर्स नाही. माझी नोंदणी महाराष्ट्रातली. ती इकडे आणायची तर तिकडची एनओसी हवी, आणि माझी कागदपत्रं म्हणजे आनंदीआनंद. सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, ॲफिडेव्हिट केलं ते मराठीत, म्हणून परत इंग्रजीत करायचं. हे सगळं होईपर्यंत निळा कोट नाही, मरून रंगाचा कोट. निळा नर्सचा, मरून अटेंडंटचा. मॅडम म्हणाल्या, “जो आता है ना, वो घर पे छोड़ के आइए.” मी मान डोलावली. क्वार्टरवर जाऊन नवऱ्यावर तासभर आगपाखड केली. तो बिचारा गुपचूप कांदा चिरत बसला होता.

मला मयूर विहारचं घर मिळालं ते मराठी म्हणून. सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आजोबा केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून रिटायर झालेले, सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये काढलेली. पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकातून नळी होती. फाईलमध्ये पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेलं, तोंडाने काही द्यायचं नाही, महिनाभराने गिळण्याची तपासणी होईल, मग बघू. आजींनी एजन्सीला सांगितलं होतं, मुलगी मराठी पाहिजे, ह्यांना हिंदीत ‘बाबूजी करवट लो’ म्हटलं की हे डोळे मिटून घेतात.

मी पहिल्या दिवशी म्हटलं, “आजोबा, जरा कुशीवर होऊ या का?” त्यांनी डोळे उघडले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आमचं जमलं. सकाळी आठ ते रात्री आठ. कँटहून मेट्रोच्या पिंक लाइनने थेट, गाडी बदलायची भानगड नाही. आजी पंचाहत्तरीच्या, ताठ, बडबड्या. मला पहिले दोन दिवस ‘तुम्ही’ म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी ‘अगं, चहा घे आधी’ सुरू झालं. मुलगा गुरुग्रामला ऑफिसात, सून परदेशी. नर्स आठवड्यातून दोनदा यायची, निळ्या कोटातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, दिवसाला सात घरं करणारी. पोरगी चांगली होती. पण दारात येतानाच तिच्या डोळ्यात पुढचं घर दिसायचं.

दुसऱ्या आठवड्यात गोळ्यांचं झालं. गोळ्या आजी कुटून पाण्यात कालवायच्या, मी नळीतून सोडायचे. एके दिवशी दोन पाकिटं शेजारीशेजारी दिसली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आतलं औषध एकच. बीपीचं. एक हॉस्पिटलवाल्यांनी लिहिलेलं, एक आधीच्या डॉक्टरांचं चालत आलेलं. म्हणजे आजोबांना दुप्पट जात होतं, आणि मी रोज बघत होते की बसवलं की त्यांना चक्कर येते. मला राहवलं नाही. मुलगा घरी होता, त्याला दाखवलं. “सर, हे डॉक्टरांना एकदा विचाराल का?” त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, एक बंद करा. आजी म्हणाल्या, “बघ, हिला कळलं! एवढ्या डॉक्टरांना नाही कळलं, हिला कळलं!”

मुलगा भला माणूस. त्याने एजन्सीला फोन करून माझं कौतुक केलं. झालं! संध्याकाळी मॅडमचा फोन. “आपने दवाई के बारे में बोला?” मी म्हटलं, “मॅडम, डबल जा रही थी.” त्या म्हणाल्या, “सही था या गलत, वो मैं नहीं पूछ रही. आपने बोला क्यों? कल कुछ उल्टा हो गया तो केस एजन्सी पे आएगा. नर्स को बोलना था.” नर्स तीन दिवसांनी येणार होती. तेवढे दिवस दुप्पट गोळ्या देऊ का, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. त्या म्हणाल्या, परत असं झालं तर ड्यूटी बंद, अनुभवाचं पत्रही नाही. आणि मला ते पत्र हवं होतं. मी ‘जी मॅडम’ म्हटलं. आता सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसापासून मी खरंच घाबरून गेले. सहा वर्षं डोंगरात एकटीने निभावणारी मी, एका फोनने माझी मांजर झाली.

मग पूजा आली. आजोबा हॉस्पिटलातून घरी आले तर सत्यनारायण घालीन, असं आजी बोलल्या होत्या. रविवारची सकाळ ठरली. सोसायटीतली चार मराठी घरं, गुरुजी, केळीचे खांब, चौरंग, सगळं यथासांग. पूजेला मुलगा बसला. मी आजोबांना आंघोळ घालून, नवा सदरा चढवून व्हीलचेअरवर आणून बसवलं. दाढी मीच केली होती. डावीकडच्या ‘करना है’मध्ये ती होती. आजोबा असे छान दिसत होते म्हणून सांगू! पोथी चालू होती तेव्हा त्यांचे डोळे चौरंगावरून हलले नाहीत.

आरती झाली आणि गुरुजी पंचपात्र घेऊन तीर्थ द्यायला निघाले. सगळ्यांनी हात पुढे केले. गुरुजी आजोबांपाशी आले आणि नुसतं हसून पुढे जाणार, एवढ्यात आजोबांनी डावा हात हलवला. डाव्या हाताने त्यांनी मांडीवर पडलेला उजवा हात उचलला. मेलेला हात तो, इतके दिवस मीच उचलून इकडचा तिकडे ठेवत होते. तो त्यांनी डाव्या हातावर घेतला, अंगठ्याने दाबून तळव्याला खोलगट केला, आणि गुरुजींच्या पुढे धरला.

 मग कुणीतरी रडलं. मुलाने चेहरा फिरवला. आजी म्हणाल्या, “अहो, मागताहेत ते! तीर्थ मागताहेत!”

गुरुजी थबकले. “चालेल ना? नळी आहे त्यांना.”

“खायला नाही म्हणून सांगितलंय,” मुलगा म्हणाला.

“तीर्थ म्हणजे काय खाणं आहे?” आजी म्हणाल्या. “तीर्थाने उपाससुद्धा मोडत नाही.” आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, सिस्टरना विचारा. तिला कळतं.”

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघायला लागली. आजोबांचा हात तसाच पुढे. आणि मला माहीत होतं, शंभर टक्के माहीत होतं. पातळ पाणी सगळ्यात वाईट. ज्याचं गिळणं गेलंय त्याचं पाणी अन्ननलिकेत जात नाही, श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला तर नशीब, निदान कळतं तरी. यांना तर ठसकाही यायचा नाही, तोंड धुताना मी बघितलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, नको, ओठांना लावा. एवढंच! पण डोक्यात मॅडमचा आवाज. तोंडाने काय द्यायचं ते ठरवणं, उजवीकडे. घरच्यांना सल्ला देणं, उजवीकडे, जाड अक्षरात. मी नर्सला फोन लावला. एकदा, दोनदा. रविवार होता, उचलला नाही.

मी म्हटलं, “मला नाही सांगता येणार. ते नर्सला विचारावं लागेल.”

आजींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “द्या गुरुजी. पळीभर पाण्याने काय होतंय?”

गुरुजींनी पळीभर तीर्थ त्या तळव्यात सोडलं. अर्धं बोटांतून मांडीवर गेलं. आजोबांनी डाव्या हाताने उजवा हात तोंडाशी नेला आणि उरलेलं ओढून घेतलं. ठसका आला नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आजोबांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तोंड वाकडंतिकडं करून ते हसत होते. मी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं, त्यांच्या घशात घरघर लागली होती. मी त्यांना ताठ बसवून ठेवलं, तासभर आडवं होऊ दिलं नाही. माझ्या कागदात बसणारं तेवढंच होतं.

दुपारी नर्सचा फोन आला. मी सांगितलं. ती म्हणाली, “एक चम्मच? खाँसी हुई? नहीं? चलो ठीक है, बुधवार को देखती हूँ.” तिचंही काय चुकलं म्हणू? तिने जे ऐकलं त्यावरून ती बोलली. घरघरीबद्दल मी सांगितलं होतं, पण सांगताना माझाच आवाज ढिला पडला होता. आपण फार बोलतोय असं वाटत होतं.

सोमवारी आजोबा बरे होते, किंवा मला ते बरे वाटायला हवे होते. मंगळवारी सकाळी मी त्यांचं तोंड साफ करत होते. बोटाला कापूस गुंडाळून उजव्या गालातून फिरवला, आणि कापसाबरोबर एक हिरवं पान बाहेर आलं. तुळशीचं. अख्खं, ओलं, ताजं.

मी पान हातात धरून आजींपुढे उभी राहिले. “आजी, हे कुठलं?”

“तीर्थातलं असेल,” त्या सहज म्हणाल्या. “कालही दिलं, आजही दिलं की मी, देवपूजा झाल्यावर. तू यायच्या आधी. काल पळीभर, आज दोन. हात पुढे करतात गं ते आपणहून! पाच महिन्यांत माणसाने काही मागितलं नव्हतं.”

मग मात्र माझा बांध फुटला. कुठला कागद आणि कुठली मॅडम! “आजी, नका देऊ! एक थेंब नका देऊ. ते पोटात जात नाहीये, छातीत जातंय.”

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. उठल्या, देवघरातलं पंचपात्र उचललं आणि आत नेऊन कपाटात ठेवून दिलं. परत आल्या आणि नुसत्या आजोबांच्या उशाशी बसल्या. मी एकदा नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं, हे मला तेव्हा दिसलं. पण त्याचा अर्थ नीट डोक्यात शिरायला वेळ लागला.

दुपारी अंग तापलं. श्वास मोजले, मिनिटाला चौतीस, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. एजन्सीने दिलेल्या रोजच्या वहीत श्वासाचा रकानाच नाही. आंघोळ, डायपर, कूस, फीड, एवढंच. मी कडेला मोकळ्या जागेत लिहिलं. एजन्सीला फोन केला, नर्सला केला, मुलाला केला. एजन्सीवाल्या म्हणाल्या, नर्सला कळवा. नर्स म्हणाली, संध्याकाळी येते, पण घरच्यांना म्हणावं डॉक्टरांना विचारा. मुलगा मीटिंगमध्ये. छातीला कान लावला तर उजवीकडे खालून बुडबुडे ऐकू येत होते. उपकेंद्रावर असते तर ऑक्सिजन लावून, पेशंटला गाडीत घालून एव्हाना तालुक्याला पोचले असते. इथे भोवती एवढी मोठी हॉस्पिटलं, आणि मी मरून कोट घालून हातात फोन धरून बसलेली. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते. शेवटी मीच ॲम्ब्युलन्स बोलावली. ते डावीकडे होतं का उजवीकडे, बघितलंही नाही.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विचारलं, “मुँह से कुछ दिया था?” तोवर मुलगा पोचला होता. तो म्हणाला, “नहीं, कुछ नहीं. संडे को बस एक चम्मच तीर्थ.” आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि मराठीतच म्हणाल्या, “काल दिलं, आज सकाळीही दिलं. मी दिलं.” डॉक्टरला काही कळलं नाही. मीच हिंदीत सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि आत गेला.

आजोबा नऊ दिवस होते. मशीन लावलं, काढलं, परत लावलं. मला आत सोडत नव्हते, घरची नव्हते ना. एजन्सीने दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या घरी पाठवलं, मधुमेहाच्या एका बाईंकडे. मी संध्याकाळी मेट्रोतून मुलाला मेसेज करायचे. तो ‘सेम’ एवढंच लिहायचा. दहाव्या दिवशी काही लिहिलं नाही, तेव्हाच मी समजले.

दिवसकार्य झाल्यावर आजींचा फोन आला. “एकदा येऊन जा.” मी जाम घाबरले. नवरा म्हणाला, “जाऊ नकोस, उगाच काहीतरी बोलतील.” पण न जाऊन कसं चालेल? रविवारी गेले. पलंग उचलून नेला होता, खोली मोठी दिसत होती. आजींनी चहा केला. स्वतः केला, मला उठू दिलं नाही.

मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते.”

“हो.”

“गोळ्यांचं तुला कळलं होतं. म्हणून म्हटलं, हिला विचारा. तू नुसती मान जरी हलवली असतीस ना, तरी मी पळी ठेवून दिली असती. कपाळाला लावलं असतं ह्यांच्या.”

मग मी सगळं सांगितलं. ए.एन.एम., डोंगरातली सहा वर्षं, एनओसी, दोन रंगांचे कोट, उभी रेघ मारलेला कागद, मॅडमचा फोन. सांगताना रडले. वाटलं, आता त्यांना कळेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

“म्हणजे तुला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“औषध द्यायला, सुई टोचायला लायसन लागतं, ते मला पटतं. नुसतं ‘नको’ म्हणायलासुद्धा लागतं का गं?”

“नाही लागत, आजी.”

“मग?”

आजी रागावल्या नव्हत्या, तेच मला सोसवेना. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघत त्या तशाच बसून राहिल्या.